कातड्याची नाव

पाणी ओलांडण्यासाठीं मनुष्यानें जीं साधनें निर्माण केलीं, त्यांत कातड्याच्या नावेइतकें साधें व चतुर साधन क्वचितच आढळेल. ओंडका कोरून होडी करावयाची, तर मोठें झाड हवें. फळ्या जोडून करावयाची, तर खिळे, करवत व कसबी सुतार हवा. परंतु जेथें यांपैकीं कांहींच नाहीं, तेथील माणसानें काय करावें? त्यानें लवचिक काठ्यांचा सांगाडा बांधला, त्यावर जनावराचें कातडें ताणून शिवलें, आणि तो पाण्यांत उतरला.

ग्रीनलंडांत झाडें जवळजवळ नाहींतच. तेथील इनुइट लोक समुद्रानें वाहून आणिलेलें लांकूड वेंचून कयाक नांवाची अरुंद नाव बांधीत. सांगाडा खिळ्यांनीं न ठोकतां वादीनें आवळीत, म्हणून लाट आदळली असतां तो मोडत नसे, किंचित वांकत असे. नावेचें माप मालकाच्या शरीरावरून घेत. जणूं अंगरखाच बेतला! सीलचें कातडें शिवण्याचें काम स्त्रियांचें. शिवण उसवली, तर बर्फासारख्या पाण्यांत घरच्या कर्त्या पुरुषाचा प्राण जाण्याचें भय असे.

आपल्याकडील नाव मात्र टोपलीसारखी वाटोळी. कानडी मुलखांत तिला हरिगोल म्हणतात. बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली विणावी व तिला बाहेरून कातडें चढवावें, एवढीच तिची कृति. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस यानें आनेगुंदीच्या उतारावर ह्या नावा पाहिल्या. एकेकींत पंधरा-वीस माणसें बसत, आणि वल्हें मारतांना ती सारखी गरगर फिरे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. इ. स. १८०३ मध्यें शिंदे व भोसले यांच्यावर स्वारी करणाऱ्या जनरल वेलस्लीनेंही नद्या उतरण्यासाठीं अशाच नावा करवून घेतल्या होत्या. पुढें १८१५ सालीं वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन तो हाच. हंपीजवळ आजही हरिगोल चालते. कातड्याची जागा मात्र आतां प्लॅस्टिकनें व डांबर दिलेल्या कापडानें घेतली आहे.

विद्यार्थिमित्रहो, ही नाव करीत कोण? टोपली विणणारा बुरूड, आणि कातडें कमावणारा व शिवणारा चर्मकार. आपल्या समाजानें कातड्याचें काम करणारांस गांवाबाहेर ठेविलें, त्यांच्या हातचें पाणी वर्ज्य मानिलें. आणि नदीला पूर आला म्हणजे त्यांनींच कमावलेल्या कातड्यावर बसून पाणी ओलांडलें! सेनापतीच्या तोफा पैलतीरीं जावयाच्या, तरी ह्या हातांवांचून गत्यंतर नव्हतें. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतीचें नांव सांपडतें. विणणाराचें सांपडत नाहीं.

आम्ही पिंपळे गुरव येथें राहतों. आमच्या गांवाच्या नांवांत गुरव आहे, शेजारच्या कासारवाडीच्या नांवांत कासार आहे. परंतु त्या नांवांतील कसब आतां आमच्या मुलांच्या दृष्टीस क्वचितच पडतें. चोहोंकडे उंच इमारती झाल्या, आणि सकाळीं कारखान्यांच्या बसगाड्यांची रीघ लागते. म्हणून गेल्या दिवाळीनंतर हस्तव्यवसायाच्या तासास अशी एक नाव बांधावी, असें आम्हीं ठरविलें. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील बुरूडकाम करितात. त्यांस आम्हीं शिकविण्यास येण्याची विनंती केली. मुलानें आपल्या सोबत्यांस ‘वडिलांचा बिझनेस आहे’ एवढेंच सांगितलें होतें. वडील कोयता व बांबू घेऊन वर्गांत आले, तेव्हां तो शेवटच्या बांकावर मान खालीं घालून बसला.

त्या गृहस्थांनीं बांबू उभा चिरून पहिली कामटी काढली, ती थेट टोंकापर्यंत एकाच जाडीची! आमच्या मुलांनीं प्रयत्न केला. कोणाची कामटी मध्येंच तुटली, कोणाची एका बाजूस जाड राहिली. आणि गणितांत पहिला येणारा मुलगा बोटांस कुसळें भरून घेऊन बसला. तेव्हां वडील शांतपणें म्हणाले, “बाळा, ये, धर जरा कोयता.” तो उठला. क्षणभर थांबला. मग त्यानें कोयता हातीं घेतला, आणि बोलतां बोलतां दहा कामट्या काढून ठेविल्या. वर्ग स्तब्ध झाला. त्या दिवसापासून ‘मलाही दाखव ना’ म्हणून मुलें त्याच्याभोंवतीं जमूं लागलीं.

तीन आठवड्यांत पांच फूट व्यासाची टोपली झाली. कातड्याऐवजीं आम्हीं जाड कॅनव्हास घेतला, तो दाभणानें व सुतळीनें कांठास शिवला आणि वरून डांबराचे दोन हात दिले. पवना नदी आमच्या गांवाशेजारून वाहते, पण तिच्यांत नाव सोडतां आली नाहीं. जलपर्णी व सांडपाणी यांनीं तिला ग्रासलें आहे. हीच पवना दापोडीस मुळेला मिळते, आणि त्याच पाण्यावर पुढें पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नौकामंडळाची १९२८ पासूनची परंपरा आहे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. अखेर मावळांतील एका पालकांच्या शेततळ्यावर बापलेक प्रथम नावेंत बसले. पाएसनें लिहिल्याप्रमाणें ती गरगर फिरली. थेंबभरही पाणी आंत आलें नाहीं.

यंदा शाळेचा फॉर्म भरतांना त्या मुलानें वडिलांच्या धंद्याच्या रकान्यांत ठळक अक्षरांनीं ‘बुरूडकाम’ असें लिहिलें आहे. नाव आतां हस्तव्यवसायाच्या वर्गांत टांगली आहे. पालकांनीं अवश्य येऊन पाहावी. आपल्याही हातांत एखादें कसब असेल, तर तें आपल्या मुलांपासून लपवूं नये. एक दिवस आमच्या वर्गांत येऊन शिकवावें, एवढीच आमची विनंती आहे.