पॉल-व्हर्जिनीच्या बेटावर

पोर्ट लुईहून पाम्प्लेमूसकडे निघाले, की माथ्यावर गोल शिळा तोलून धरलेले पीटर बोथचे शिखर बराच वेळ सोबत करते, आणि खाली नजर पोहोचेल तिथवर उसाचे मळे वाऱ्यावर हेलावत असतात. मॉरिशसच्या या मुलखाची पहिली ओळख मला करून दिली ती १७८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या लहानशा फ्रेंच कादंबरीने. आणि विद्यार्थिदशेपासून मनात वसलेली ती भूमी डोळ्यांनी पाहावी, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

कादंबरीचा कर्ता बर्नार्दें द सें-प्येर हा १७६८ ते १७७० या काळात फ्रेंच अंमलाखालील या बेटावर इंजिनियर म्हणून राहिला होता, आणि येथील डोंगर, ओढे, केळी व नारळीची झाडे त्याने इतक्या मायेने न्याहाळली होती, की पुढे फ्रेंच साहित्यात जी स्वच्छंदतावादी लाट उसळली, तिचे पहिले पाणी पुष्कळांना याच पुस्तकात दिसते. दोन निराधार माता, त्यांची निसर्गाच्या कुशीत भावंडांसारखी वाढलेली दोन मुले, आईच्या श्रीमंत आत्याच्या आग्रहावरून व्हर्जिनीचे फ्रान्सला जाणे, आणि परत येताना किनारा दिसत असता झालेला तिचा अंत: कथानक एवढेच. बुडत्या जहाजावर, वस्त्रे उतरवल्यास वाचवतो, असे विनवणाऱ्या खलाशाला ती नकार देते, आणि तिच्या शोकाने पॉलही प्राण सोडतो.

या कथेने एक शतकभर युरोपला रडवले. तिच्यावर संगीत नाटके रचली गेली, घराघरांत तिची चित्रे लागली. आणि कादंबरीकार फ्लोबेरला आपल्या नायिकेच्या, एमा बोव्हारीच्या, कोवळ्या वयातील स्वप्नाळूपणाचे मूळ दाखवायचे होते, तेव्हा त्याने तिच्या हाती हेच पुस्तक दिले. पाम्प्लेमूसला तर कल्पित पात्रांच्या समाधीही निर्माण झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रवासी भाविकपणे त्यांचे दर्शन घेत. ज्याच्याजवळच्या बांबूच्या बेटापाशी व्हर्जिनीला पुरले असे कादंबरी सांगते, त्या पाम्प्लेमूसच्या चर्चची आजची दगडी वास्तू १७५६ सालची, म्हणजे कथेतले जहाज १७४४ साली बुडाल्यानंतर बारा वर्षांनी उभी राहिलेली. हे ठाऊक असूनही, बाहेरच्या दाट सावलीत उभे राहिल्यावर, माझी नजर आपोआप बांबूचे बेट शोधू लागली.

ईशान्य किनाऱ्यावरील पूद्र दॉर या कोळ्यांच्या गावी मात्र कल्पना संपून इतिहास सुरू होतो. खाडीचे पाणी हिरवे व निवांत. दूर प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. आणि काठावर, कादंबरीत व्हर्जिनी ज्यावर होती त्या ‘सें-जेरां’ या जहाजाचे स्मारक. हे जहाज खरोखरच १७४४ च्या ऑगस्टात त्या रेघेपलीकडे फुटले. गव्हर्नर ला बूर्दोने यांच्या कारभारात उभ्या राहणाऱ्या साखर कारखान्याची यंत्रे त्यावर होती, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून घेतलेले गुलामही होते. जेमतेम नऊ माणसे वाचली. त्यांच्या जबान्या सरकारी दफ्तरात नोंदल्या गेल्या, आणि त्यांवरून दिसते, की पदाला शोभणार नाही म्हणून अंगावरची वस्त्रे काढण्यास नकार देणारा खुद्द जहाजाचा कप्तान होता. लेखकाने तो नकार एका मुलीच्या मुखी घातला आणि त्यातून जगाला रडवणारा प्रसंग घडवला. या जहाजाची घंटा विसाव्या शतकात समुद्रतळातून निघाली. ती माहेबूरच्या संग्रहालयात पाहताना, कोणीच ज्यांची समाधी बांधली नाही, जहाजावरच्या त्या गुलामांची मला फार आठवण झाली.

पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात, याच बेटावर जन्मलेल्या प्रॉस्पेर देपिने या शिल्पकाराने घडवलेला, व्हर्जिनीला उचलून नदी पार करणारा पॉल आहे. शिल्प अत्यंत सुंदर आहे. पण ती मुले त्या नदीपाशी पोहोचली कशी, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी येत असेल? मळ्यातून पळून आलेल्या, उपाशी, अंगावर चाबकाचे वळ असलेल्या एका गुलाम स्त्रीला क्षमा मिळावी म्हणून ती दोघे तिला घेऊन नदीपलीकडच्या मालकाकडे गेली होती. मालकाने क्षमेचे वचन दिले, आणि मागाहून तिच्या पायात साखळी व गळ्यात लोखंडी कडे अडकवले. अंधार पडल्यावर थकलेल्या त्या मुलांना डोली करून घरी पोहोचवले, तेही रानात लपलेल्या पळपुट्या गुलामांनीच. माझ्या मते कादंबरीतील सर्वांत सच्ची पाने ही आहेत. त्याच मुलांच्या घरी दोन गुलाम राबत होते, आणि लेखकाने त्यांना सुखी दाखवले, ही त्याच्या दृष्टीची मर्यादा. तरीही ती स्त्री त्याने कथेत आणली, ही त्याची थोरवी.

गुलामगिरी १८३५ साली येथे कायद्याने संपली आणि त्याच मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. मुंबई बंदरातून आलेल्यांत आपले कोकणचे व देशावरचे लोकही होते, ज्यांचे वंशज आज गणेश चतुर्थी साजरी करतात, आणि त्यासाठी देशभर सुट्टी असते. म्हणून मॉरिशसला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, की समुद्रकिनारे पाहून झाले की एक सकाळ पूद्र दॉरसाठी राखून ठेवा, आणि निघण्यापूर्वी ही कादंबरी, निदान त्या पळून आलेल्या स्त्रीचे प्रकरण तरी, अवश्य वाचा.