पंचावन्न मिनिटं

वजन वाढतं ते आपल्या नकळत, पण वाढल्याचं कळतं ते मात्र नेमकं चारचौघांत. मला ते लिफ्टमध्ये कळलं. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात अशी पाटी आहे. आत सातजण होते. मी पाऊल टाकलं आणि लिफ्ट ओरडली. पाऊल मागे घेतलं, ती गप्प बसली. पुन्हा टाकलं, पुन्हा ओरडली. तेव्हा आतल्या सातही जणांनी मोबाइलमधून माना वर काढून माझ्याकडे पाहिलं. खराडीला राहायला आल्याला चार वर्षं झाली होती. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडे कुणी पाहण्याची ती पहिलीच वेळ.

खराडी म्हणजे पुणंच, हे आमच्या नारायण पेठेतल्या नातेवाइकांना अजून मान्य नाही. गाव महापालिकेत आलं १९९७ साली, पण ते 'नगरच्या जरा अलीकडे' असं सांगतात. मुलानं इथे आयटी पार्कसमोर दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आम्हां दोघांना पेठेतून उचलून आणलं आणि वर्षभरात कंपनीनं त्याला उचलून अमेरिकेला नेलं. राहिलो आम्ही दोघं, चार खोल्या आणि फराळाचे सात डबे.

लिफ्टनं ओरडल्यावर रक्त तपासून घेतलं. वजन ८४ किलो, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तो आकडा ६.१. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात." छत्तीस वर्षं शाळामास्तरकी करून मी शेकडो पोरं काठावर पास केली, काठावर असणं म्हणजे काय, ते मला सदुसष्टाव्या वर्षी समजलं.

आता वजन उतरवायचं तर मराठी माणसाला आधी पक्ष निवडावा लागतो. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघर दोन तट पडले: दीक्षित की दिवेकर? लता की आशा, गावसकर की विश्वनाथ, ही भांडणं आमच्या पिढीनं पाहिली होती. पण त्यात निदान स्वयंपाकघर मध्ये येत नसे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडकडून भूक लागते अशा दोनच वेळा ओळखा, त्या दोन वेळांनाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. मध्ये काही नाही. ऋजुता दिवेकर सांगतात, उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं, आपल्या आजीनं खाल्लेलं खा, आणि भातावरच्या तुपाला घाबरू नका.

मी दीक्षितांकडे गेलो तो जिचकारांमुळे. दोनदाच जेवण्याची मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. जिचकार म्हणजे विसाच्या आसपास पदव्या मिळवलेले गृहस्थ. इतक्या पदव्यांचा माणूस दोनदा खा म्हणतो आणि मी एका बी.ए., बी.एड.च्या जोरावर सहा वेळा खातो, हे मलाच बरं दिसेना. शिवाय त्यातली इन्शुलिनची गोष्ट मला पटली. ती मी शाळेच्या भाषेत अशी समजून घेतली: इन्शुलिन म्हणजे शिपाई. आपण तोंडात काहीही टाकलं, मग तो एक चुरमुरा का असेना, की घंटा वाजते आणि शिपाई उठून माल कोठारात नेऊन ठेवायला लागतो. दिवसभर घंटा वाजत राहिली तर शिपाई कोठार भरत राहणार. साठलेला माल बाहेर निघायचा कधी?

हा दृष्टान्त मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितला. ती तेव्हा भिजवलेले बदाम सोलत होती. म्हणाली, "तुमच्या शिपायाचं तुम्ही बघा. मी ऋजुताचं ऐकणार." ऋजुता! जणू काही मामेबहीण. करीना कपूरला 'टशन'साठी बारीक करणारी बाई आपल्याला तूप खा म्हणते, यापुढे शिपायाचा निभाव लागणार नव्हता.

एका ओट्यावर दोन पंथ सुरू झाले. सकाळी उठल्या उठल्या हिचं केळं. नऊला पोहे. अकराला मूठभर शेंगदाणे. मी मात्र साडेअकराच्या घंटेची वाट पाहत व्हरांड्यातल्या मुलासारखा उभा. पहिल्या आठवड्यात मला पंचावन्न मिनिटांचा भलताच अर्थ लागला होता. पंचावन्न मिनिटं मिळालीत तर पंचावन्न मिनिटं खायचं! चाळिसाव्या मिनिटाला भात संपला की मी घड्याळ बघून पुन्हा पोळीकडे वळायचो. 'शेवटची दहा मिनिटं' झाली की परीक्षेत पोरं पुरवणी मागतात, तसा मी लाडू मागत असे. चोपन्नाव्या मिनिटाला अर्धा लाडू हातात होता तेव्हा ही म्हणाली, "पेपर काढून घेऊ?" त्या आठवड्यात माझं वजन अर्धा किलो वाढलं. दोष पद्धतीचा नव्हे, परीक्षार्थीचा.

एक गंमत सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंची पुस्तकं, भाषणं धुंडाळल्यावर माझ्या लक्षात आलं की बिस्किटांचे पुडे आणि बाटलीतली सरबतं नकोत, घरचं ताजं खा, नियमित व्यायाम करा, याबाबत दोघांचं एकमत आहे. मतभेदांवर आमच्या घरी रोज चर्चा होई. एकमताच्या मुद्द्यांवर चकार शब्द नाही.

शेवटी पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचा दीक्षितांचा नियम मी मुद्दाम दुपारी चारला पाळायला घेतला. कारण चार म्हणजे हिच्या चिवड्याची वेळ. पेठेत असताना चारला चहा आणि चिवडा आम्ही समोरासमोर बसून घ्यायचो. आता तो चिवड्याचा आवाज मला सहन होईना. मी बाहेर पडायचो. पण खराडीच्या रस्त्यांवर चारला काय चालतं? ऑफिसांतली सगळी पोरं टपऱ्यांवर उतरलेली असतात. वडापाव, भजी, दाबेली, मोमो. माझ्या साडेचार किलोमीटरांत वडापावच्या अकरा गाड्या लागतात. वासानं इन्शुलिनचा शिपाई उठतो का, हे कुणाला तरी विचारायचं राहूनच गेलं.

तरी चार महिन्यांत सहा किलो उतरलं. लिफ्ट गप्प झाली. मी मात्र बोलायला लागलो. भेटेल त्याला.

अशातच गावठाणातल्या दूधवाल्या मावशींकडे सत्यनारायण निघाला. टॉवरांच्या मागे जुनी खराडी अजून आहे. तिथे दारात म्हैस असते आणि नाव विचारायच्या आधी पाणी देतात. आम्ही दोघं साडेचारला गेलो. प्रसाद झाला; तो मी कपाळाला लावून बोटाच्या पेरावर घेतला. पण पाठोपाठ पोहे आले, वर बेसनाचा लाडू. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मावशी, मी दोनच वेळा जेवतो."

मावशींचा चेहरा पडला. "का वो मास्तर? पेन्शन बंद झाली?"

मी शिपाई, घंटा, कोठार, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात आमीबी दोन येळाच खायचो. येकांद्या दिशी येकदाच. मी तवा माहेरी, शिरूरकडं. खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. पर दारात कुणी आलं तर आई गुळाचा खडा आन् पान्याचा तांब्या द्यायचीच. आमाला नसायचा गुळ, पावन्याला असायचा." आणि मग हिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुमचं दोन येळा ऱ्हाऊ द्या. मंग ही बाई मधल्या येळंला कुनासंगं खाती?"

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून चाळीस मिनिटं. माझी पंचावन्न मिनिटं आत्ता सुरू झाली असं जाहीर करून मी लाडू उचलला. रात्री जेवलो नाही, ही गोष्ट हिशेबाला धरावी.

घरी आल्यावर उगाचच चिवड्याचा डबा उघडला. झाकणापर्यंत भरलेला. वास घेतला तर खवट. दिवाळीनंतर केलेला, जसाच्या तसा.

"अगं, तू चारला खातेस ना रोज?"

"खायचे सुरुवातीला," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "मग सोडलं. एकटीनं काय बशी घेऊन बसायचं?"

"मग ऋजुता?"

"तिला कुठे माहितीय तुम्ही चारला बाहेर पडता ते?"

मी दीक्षितांचं पुस्तक पुन्हा काढलं. चाळिशी लावून, पोटनियम शोधणाऱ्या वकिलासारखं वाचलं. मधल्या वेळेला फारच कडाडली भूक तर पातळ ताक चालतं. पातळ म्हणजे ज्याला ताक म्हणायला धीर लागतो असं. पण चालतं!

दुसऱ्या दिवसापासून चालायला मी सकाळी सहाला जातो. तेव्हा अकराही गाड्या झाकलेल्या असतात. चारला आम्ही गॅलरीत बसतो. हिच्यासमोर ताज्या चिवड्याची बशी, माझ्यासमोर ताकाचा पेला. समोरच्या आयटी पार्कमधून पोरं टपरीकडे जाताना दिसतात; त्यातला कोण जाड झाला, कोण कुणाबरोबर जातो, यावर आमचं बोलणं चालतं. मागच्या तपासणीत साखर ५.८ निघाली. हिनंही तपासून घेतलं, तिची ५.४. त्यावर घरात अजून अधिकृत भाष्य झालेलं नाही.

काल तिनं ताकात जिरं घातलं. परवा कोथिंबीर होती. आज पेल्याच्या तळाशी काहीतरी पिवळं दिसलं म्हणून मी चमच्यानं वर काढलं. शेव होती.

"अगं, हे काय?"

"पडली असेल बशीतून," ती म्हणाली. "बघा, किती मिनिटं झाली?"