उज्जैनीची वेधशाळा आणि गुरूची बारा वर्षे

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या घर केलेल्या मराठी कुटुंबांना उज्जैन काही नवे नाही. महाकाळाचे दर्शन, क्षिप्रेचे स्नान आणि सांदीपनींचा आश्रम एवढे झाले, की यात्रा पुरी झाली असे आपण मानतो. जयसिंगपुऱ्यातील वेधशाळा मात्र बहुतेकांच्या वाटेत येत नाही. तिला आम्ही मुद्दाम एक सकाळ दिली.

सवाई जयसिंग माळव्याचे सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ही वेधशाळा उभी राहिली. पुढे ती मोडकळीस आली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी गणिती तिला अधीक्षक म्हणून लाभला. सम्राट यंत्राची सावली अजूनही वेळ सांगते, आणि भित्तियंत्रापाशी उभे राहिले म्हणजे आकाशाची मापे घेणाऱ्यांचा धीर कळतो.

येथे हिंडताना आम्हांस सिंहस्थ आठवला. गुरू सिंह राशीत आला की उज्जैनीस सिंहस्थ भरतो. २००४ नंतर तो २०१६ साली भरला. पुढचा २०२८ चा. ही बारा वर्षे कोठून आली? गुरूच्या सूर्यापासूनच्या अंतरातून!

पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर, तर गुरू त्याच्या ५.२ पट दूर. म्हणून त्याची वाटही तितकीच लांब. एवढेच असते, तर पाच-सव्वापाच वर्षांत त्याची फेरी पुरी झाली असती. परंतु सूर्यापासून दूर गेले की त्याची ओढ क्षीण होते आणि चालही मंदावते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, गुरू अवघे १३. लांब वाट आणि मंद चाल मिळून त्याला ११.८६ वर्षे लागतात. फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा नियम केप्लरने १६१९ साली मांडला. त्याचे कारण न्यूटनने १६८७ साली उलगडले.

म्हणूनच सूर्याजवळचा बुध ८८ दिवसांत फेरी संपवितो आणि शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. ती बारा राशींत वाटली, की एकेका राशीस सुमारे अडीच वर्षे येतात. तीन राशींची झाली साडेसाती! घरोघरी जिची धास्ती घेतली जाते, तीही शनीच्या दूरपणाचाच हिशेब आहे.

गुरूची फेरी बारा वर्षांहून सुमारे पन्नास दिवसांनी कमी भरते. हा फरक साठत जातो. सात फेऱ्या ८४ नव्हे, ८३ वर्षांतच होतात. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराव्या वर्षीच, २०२१ साली आला, तो यामुळेच.

माणसाच्या आयुष्यात गुरूच्या फेऱ्या सहा-सात, शनीच्या दोन-अडीच. पंचांग आपण श्रद्धेने वाचतो, परंतु त्यामागचे आकाश मुलांना दाखवायचे राहून जाते. पुढील सिंहस्थास जाल, तेव्हा घाटावरून परतताना त्यांना वेधशाळेतही अवश्य न्यावे.