भट्टीचा उजेड

मोबाईल हाती आल्यापासून मी शेकडो फोटो काढले. मैत्रिणींचे काढले, पावसात भिजलेल्या गुलमोहराचे काढले, आपल्या कॉलेजच्या जिन्याचेसुद्धा काढले! आप्पांचा मात्र एकही नाही. आप्पा लोहार आहेत. शाळेच्या अर्जातल्या 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'कारागीर' असे लिहीत असे. शब्द खोटा नव्हता. पण तोच का निवडला, हे माझे मला ठाऊक होते.

गेल्या वर्षी कॉलेजात छायाचित्र स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'श्रम'. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मावसभावाकडून कॅमेरा आणि फ्लॅश मागून आणला आणि एका संध्याकाळी भट्टीपाशी उभी राहिले. आत अंधार, कोळशांचा तेवढा तांबूस उजेड. मी फ्लॅश थेट आप्पांच्या तोंडावर रोखला आणि कळ दाबली. फोटो कसा लख्ख आला! कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा.

आप्पांनी तो पाहिला आणि म्हणाले, "पोरी, ह्यो मी न्हाय. पोलिसानं बॅटरी मारून धरल्यावानी दिसतोय."

मला रागच आला. पण रात्री पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आले, की त्यात भट्टी होती पण विस्तव नव्हता. रसरशीत कोळसे राखेच्या ढिगासारखे दिसत होते.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात जेकब रीस या पत्रकाराची छायाचित्रे पाहण्यात आली. १८८७ नंतर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांत फ्लॅशची पूड पेटवून त्याने फोटो काढले आणि १८९० साली 'हाऊ द अदर हाफ लिव्हज' हे पुस्तक काढले. कुणी न पाहिलेले हाल त्या झगझगाटाने जगासमोर आणले, यात शंका नाही. पण त्यातले काही दचकलेले चेहरे पाहिले आणि मला आप्पा आठवले.

मावसभावाला गाठले. तो हसून म्हणाला, "अगं, एका फोटोत दोन उजेड असतात, आणि दोघांची चावी निराळी." फ्लॅश चमकतो तो एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. शटर आणखी वेळ उघडे ठेवले म्हणून तो वाढत नाही. त्याचे माप त्याच्या जोरावर, अंतरावर आणि भिंगाच्या छिद्रावर ठरते. भट्टीचा उजेड मात्र सावकाश साठतो. शटर जितका वेळ उघडे, तितका तो जास्त. मी शटर १/२०० वर ठेवले होते. एवढ्याशा वेळात बिचाऱ्या विस्तवाने यावे तरी कसे? फ्लॅश हा पाहुणा. घरच्या माणसाला बोलू द्यायचे आणि मग त्याने दोन शब्द बोलायचे.

तरी एक प्रश्न उरलाच होता. "आप्पा, इथं ट्यूब का लावत नाही तुम्ही?"

"उजेड झाला की लोखंडाचा रंग कळत न्हाय. तांबडं कुठवर, पिवळं कुठवर, ते अंधारातच दिसतं."

मी गप्प झाले. ज्या अंधाराला मी आजवर आमचे दारिद्र्य समजत होते, ते आप्पांचे हत्यार होते! घण, सांडशी, ऐरण, तसाच अंधार. आणि मी पहिल्याच झटक्यात तो पुसून टाकला होता.

दुसऱ्या खेपेला आधी फ्लॅश बंदच ठेवला. कॅमेरा लाकडी ठोकळ्यावर टेकवला, शटर १/१५ वर आणले आणि विस्तव विस्तवासारखा दिसेपर्यंत छिद्र जुळवले. भट्टीकडचा गाल उजळला, दुसरा काळोखात राहिला. मग त्या बाजूला धाकट्या भावाला पांढरी चादर धरून उभे केले आणि फ्लॅशचे तोंड चादरीकडे वळवले. जोर इतका कमी केला, की काळोखातला डोळा दिसावा, पण भट्टीवर मात होऊ नये. फ्लॅशचा पांढरेपणा विस्तवाशेजारी परका वाटत होता. म्हणून स्नेहसंमेलनाच्या प्रकाशयोजनेतून उरलेला नारिंगी जिलेटिनचा तुकडा त्यावर चिकटवला.

घण चालू असताना १/१५ वर सारे पुसट येते. मी थांबले. आप्पांनी सांडशीत धरलेला फाळ विस्तवातून बाहेर काढला आणि क्षणभर निरखून पाहिला. तेवढाच क्षण ते अगदी स्थिर असतात. तेव्हा कळ दाबली.

स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांना फोटो जरा काळोखी वाटला. प्रवेशिकेवर चित्राखाली ओळख लिहायची होती. मी लिहिले, 'माझे वडील, लोहार.'

घरी आणलेली प्रत आप्पांनी हातात घेतली, दाराशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिले. चेहरा कसा आला आहे, याविषयी एक शब्द नाही. शेवटी फाळावर बोट ठेवून म्हणाले, "घाई केली मी. अजून जरा तापाया पायजे हुतं."