जुनी गाडी आणि शुद्ध प्रत

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींचे वाढते भाव हा मराठीच्या अध्यापकांचा विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु पाठचिकित्सा शिकवता शिकवता या बाजारात आम्हां दोघांना आपलाच एक प्रश्न दिसू लागला : जुन्याचे मोल नेमके कशात असते?

1961 मध्ये जॅग्वारची ई-टाइप इंग्लंडमध्ये सुमारे 2,100 पौंडांना मिळत होती. आज तिच्या आरंभकाळातील उत्तम गाड्यांची किंमत लाख पौंडांवर जाते. एमजीबी त्या मानाने स्वस्त. तरी तिचा अख्खा नवा सांगाडा 1988 पासून जुन्याच साच्यांवर काढून मिळतो. भाव चढल्यामुळे एरवी भंगारात गेली असती अशी गाडी वाचते आणि तिच्यावर शेकडो तासांची कारागिरी परवडते, हे खरे. पण त्याच भावापोटी, कारखान्यातून बाहेर पडतानाही नव्हती एवढी लकाकी तिच्यावर चढवली जाते. पत्रा नवा, इंजिन नव्याने बांधलेले. जुना उरतो तो क्रमांक.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही होती. ट्रायम्फ हेराल्ड मद्रासमध्ये 1961 पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स गाडी काढली. हातकणंगल्यातील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांकडे 1968 ची हेराल्ड आहे. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा एका मिस्त्रींनी तिच्या वॉटर पंपाचे आवरण शिरोलीच्या फौंड्रीत ओतून घेतले आणि लेथवर बसते केले. ते आजही पाणी धरून आहे.

आता एक गिऱ्हाईक सरांना चांगली रक्कम देऊ करीत आहे. अट एकच : हा ‘गावठी’ भाग काढून विलायती बसवावा. नातीच्या शिक्षणासाठी सरांना पैशांची निकड आहे, तरीही त्यांचा होकार अडला आहे.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हा वाद आपल्या भाषेत फार जुना आहे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मधल्या काळात शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने मात्र स्वीकृत पाठ वर छापून पाठभेद खाली जपले. संपादकाचा निर्णय तिथे दिसतो, आणि तो तपासताही येतो.

आमच्या मते ते आवरण हा प्रक्षेप नव्हे, पाठभेद आहे. मद्रासची गाडी या मुलखात कशी जगली, याचा तो पुरावा आहे. जीर्णोद्धाराची प्रत चकाकीवर ठरू नये. काय बदलले, कोणी बदलले आणि काढलेले कुठे ठेवले, यावर ठरावी. विकू नका, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. विकायचीच झाली तर ते आवरण आणि दुरुस्त्यांची वही गाडीसोबत द्यावी, आणि त्या वहीत मिस्त्रींचे नाव असावे, एवढेच आम्ही सरांना सुचवले आहे.