झुकलं की पळते!

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भातकुलीहून गोव्याला गेलो. पणजी बघायची होती सेगवेवरून! शेजारी-शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायची जागा. ब्रेक नाहीच. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते. तोल सांभाळायला आत जायरोस्कोप.

मी भीतीनं सारखा मागेच झुकत होतो; गाडी पुढे जाईचना! पुढून आई ओरडली, "काहून भेतं रे?" वाट दाखवणारे दादा म्हणाले, "पायांकडे नको, समोर बघ." समोर अॅबे फारियांचा पुतळा होता. संमोहनविद्येत नाव कमावलेले हे गोव्याचेच सुपुत्र. पुतळा बघता बघता मी कधी पुढे झुकलो, कळलंच नाही!

मांडवीच्या काठानं मिरामार गाठलं. समुद्राचं पाणी चाखलं. बाप रे! आमच्या खारपाणपट्ट्यातली विहीर गोडच म्हणायची!