दमाचा हिशेब

जपानमध्ये शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या पंधरवड्यातच नगरपालिकेची पायरी चढावी लागते. राहायला जागा मिळाली की चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा. कारकून ओळखपत्राच्या मागच्या बाजूला नवा पत्ता घालून देतो आणि त्याच फेरीत दुसऱ्या खिडकीवर राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव दाखल करून घेतात. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला ते सक्तीचंच आहे. मग डॉक्टरकडे गेलं की बिलातला तीस टक्के भाग आपण द्यायचा आणि बाकीचं बिल दवाखाना विम्याकडे पाठवतो.

२०१८च्या एप्रिलमध्ये मी एका वर्षाच्या विद्यार्थी-विनिमयावर मिए विद्यापीठात, त्सू शहरात गेले. विम्याचं कार्ड हातात आलं तेव्हा त्याचा फोटो घरी पाठवला. आजीला वाचता येत नव्हतं. भावाने तिला काय ते सांगितलं, तर फोनवर तिचा एकच प्रश्न, "दम लागला तं डाक्टर बघंल ना गो तुला?"

दम हा तिच्या घरातलाच आजार होता. चेंबूरच्या पलीकडे, खाडीला धरून आमचं माहुल. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तिथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आजी लग्न होऊन कोळीवाड्यात आली. पुढे खताचा कारखाना आला, वीज आली, तेलाच्या नि रसायनांच्या टाक्या आल्या. आजी खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, बोयटं पाटीत घेऊन चेंबूरच्या बाजारात बसायची. दुपारी परत आली की वलांडीवरचे बोंबील उलटायचे, आणि मग ओट्यावर भिंतीला पाठ टेकून दम खात बसायचं. रात्री धुराड्याची ज्योत मोठी झाली की घरात दिवा न लावता ताट दिसायचं. वास सुटला की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. "आज गॅस सुटलाय" हे वाक्य आमच्याकडे पावसाबद्दल बोलावं तितक्या साधेपणाने बोललं जातं.

डॉक्टरांनी आजीला पंप दिला, गोळ्या दिल्या आणि वय झालं असं सांगितलं. तिचं वय झालं हे ती पन्नाशीची असल्यापासून सांगत होते. प्रत्येक चिठ्ठी ती घडी घालून मेडिकलच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि पिशवी देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला. ती पिशवी कधी कुणी मागितली नाही.

त्सूमध्ये रुळायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी त्रास झाला. जोडे दारात काढायची सवय आपल्याला असतेच. सकाळी भात, सोबत वाळवलेली मासळी भाजून, हे जेवण तर कोळणीच्या नातीला शिकवावं लागत नाही. जड गेलं ते बाकीचं: सायकलची नोंदणी, बँकेत काताकाना लिपीत नाव कसं लिहायचं त्यावरून घातलेला घोळ, आणि कचरा. जळणारा अमुक वारी, प्लास्टिक तमुक वारी, बाटल्या धुऊन, झाकणं वेगळी. कोपऱ्यावर ठरलेल्या जागी पिशव्या ठेवायच्या आणि त्यांच्यावर निळी जाळी नीट ओढायची. जाळी कावळ्यांसाठी. तिथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा थोराड, चोच जाड. जाळीची कड सुटी राहिली की पिशवी फाडून रस्ताभर पसारा करतात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी पहिल्या आठवड्यात मला जाळीची कड विटेखाली कशी दाबायची ते करून दाखवलं. त्या बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं. वीट मात्र कळली.

विद्यापीठाच्या मागेच इसेचं आखात आहे. संध्याकाळी मी तिथून आजीला व्हिडिओ लावायची. ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघायची आणि माझ्यापेक्षा मागच्या पाण्यावरच जास्त बोलायची. भरती हाय का ओहोटी? चिखल नाय? होड्या कुठं हायत? बोलता बोलता थांबायची, छातीवर हात ठेवायची, आणि पुन्हा सुरू. मला ते थांबणं इतकं ओळखीचं होतं की त्याची काळजी वाटायची वेळ निघून गेली होती.

जुलैमध्ये ती गेली. रात्री दम वाढला, पाऊस होता, रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला. मला भावाचा फोन आला तेव्हा जपानात पहाट उलटून गेली होती आणि मुंबईत अजून रात्रच होती. येऊन पोचणं जमण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले, "आता येऊन कुनाला भेटनार तू? शिकून ये."

दहाव्याच्या दिवशी त्सूमध्ये कचऱ्याचा वार होता. घरी खाडीवर पिंड ठेवला होता आणि भाऊ फोन हातात धरून मला दाखवत होता. सगळे लांब उभे. कावळा शिवेना. कुणी म्हणालं, नातीत जीव अडकलाय. मला कानात सगळं ऐकू येत होतं आणि मी आमच्या कोपऱ्यावर उभी होते, समोर तारेवर दोन कावळे बसलेले, खाली निळी जाळी. मी खाली बसून विटेखालून जाळीची कड काढली आणि उलटून टाकली. घरून भात आणून वर ठेवला. कावळा लगेच उतरला. माहुलला कधी शिवला ते फोनवर कळलं नाही, आवाजांचा गोंधळ झाला आणि फोन तुटला. खालच्या आजीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. रस्ता झाडताना केरसुणी घेऊन त्या माझ्या बाजूला आल्या.

योक्काइची शहर मला ठाऊक झालं ते त्यानंतर. पर्यावरणाच्या वर्गात प्राध्यापकांनी माझं गाव कुठलं विचारलं आणि मी कारखान्यांचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की तासाभराच्या आत एक गाव आहे, तिथे जाऊन या. शिओहामा स्टेशनवर उतरून सुझुका नदीवरचा पूल ओलांडला की योक्काइचीतलं इसोझु. नदीच्या अलीकडे धुराडी आणि टाक्या, पलीकडे मासेमारांची वस्ती. गल्ल्या अरुंद, दारात जाळी, बंदरावर बांधलेल्या होड्या. पुलावर मी बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिले. आजी असती तर तिने विचारलं असतं, हे कुठल्या बाजूचं माहुल?

त्या गावात १९५९-६०च्या सुमारास कारखाने जोरात सुरू झाल्यावर आधी मासळीला तेलाचा वास येऊ लागला आणि तोक्योच्या बाजारात इसे आखाताचा मासा नकोसा झाला. पाठोपाठ माणसांना दमा. मिएच्या तेव्हाच्या प्रांतिक विद्यापीठात कात्सुमी योशिदा नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची बिलं तपासली. कुठल्या भागातला माणूस कुठल्या आजारासाठी डॉक्टरकडे गेला, हे त्या बिलांवर लिहिलेलं होतं. मोजल्यावर इसोझुत दम्याचे रुग्ण इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. १९६५मध्ये योक्काइची नगरपालिका अशा रुग्णांची नोंद करून त्यांचा औषधखर्च उचलू लागली. १९६७मध्ये इसोझुच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. २४ जुलै १९७२ रोजी ते जिंकले, तोवर नवांतले दोघे वारले होते. पुढच्याच वर्षी देशभरासाठी नुकसानभरपाईचा कायदा झाला.

नवांतले एक, युकिकाझु नोदा, मासेमार होते. इस्पितळात झोपायचं आणि तिथूनच समुद्रावर जायचं, असे दिवस त्यांनी काढले. निकालाच्या दिवशी त्यांनी जमलेल्यांना सांगितलं की आभार आत्ता मानणार नाही, खरं निळं आभाळ परत आल्यावर मानीन. योक्काइचीच्या संग्रहालयात त्यांच्याबद्दल वाचताना माझ्या पाकिटात ते विम्याचं कार्ड होतं. दात दुखला म्हणून मी वापरलं होतं तेवढंच. माझ्या दाताची नोंद त्या देशात झाली होती, आणि आजीच्या चाळीस वर्षांच्या दमाची नोंद कुठेच नव्हती. त्या दिवशी मी तिच्यासाठी पहिल्यांदा नीट रडले, संग्रहालयाच्या बाकावर बसून.

परत आले ती २०१९च्या वसंतात. माहुलला कायदा अगदीच पोचला नव्हता असं नाही. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं होतं, आणि तो अर्ज आमच्याच कोळीवाड्यातल्या माणसांनी केला होता. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून ज्यांना माहुलच्या इमारतींत धाडलं त्यांच्या बाबतीत उच्च न्यायालयाने त्याच २०१९मध्ये पर्यायी घर, नाहीतर भाड्यापोटी महिना १५,००० रुपये द्यायला सांगितलं. ते लोक लढले म्हणून मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण कोळीवाडा जाणार कुठे? होडी खाडीत आहे.

पिशवी खिळ्याला तशीच होती. चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. बऱ्याच चिठ्ठ्यांची शाई उडालेली, काहींवर तारीख नाही, आणि आजाराचं नाव जवळजवळ एकीवरही नाही, नुसती औषधं. त्यांनी कोर्टात काही सिद्ध होणार नाही हे मला कळतं. तरी तारीखवार लावून वहीत उतरवायला घेतल्या. शेजारच्या काकीने बघितलं आणि सासूची पिशवी आणून दिली. मग तिच्या जावेने. आता दुपारची कामं उरकली की बायका आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि मी लिहिते.

परवा काकी म्हणाली, "माझ्या धाकट्या दिराचंपन लिव, तो तं बिडीपन ओढत नव्हता." त्याची एकही चिठ्ठी उरलेली नाही. साल विचारलं तर तिला आठवेना, पण त्या वर्षी होळीला कुणाची होडी नवी पाण्यात उतरली ते आठवत होतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या त्या होडीवाल्यांकडे जाऊन आम्ही कागद बघितला. १९९७. वहीत लिहिलं, आणि काकीने पुढचं नाव सांगायला सुरुवात केली.